कॉन्टेसाचं नाक किती उचलू द्यावं?

लातूरच्या एका तरुण मित्राने विचारलंय: घरी वडिलांची हिंदुस्तान कॉन्टेसा आहे, 1.8 इसुझू इंजिनवाली. त्याच इंजिनाला टर्बो बसवून 150-160 हॉर्सपॉवर काढायची इच्छा आहे. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धेत, म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ 402 मीटर पळायच्या शर्यतीत, उतरवायची, एरवी घरच्यांना घेऊन तुळजापूरला, नांदेडला जायचं. पुढच्या सस्पेन्शनसाठी तीन वाटा डोक्यात आहेत. आहे तेच दुरुस्त करावं, कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग असलेले सेट) बसवावेत, की क्रॉस मेंबर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन धरणारा आडवा तुळईसारखा भाग, कापून दुसऱ्या एखाद्या गाडीचं स्ट्रट सस्पेन्शन (वरच्या आर्मऐवजी उभा शॉकअपच चाक धरतो ते) घालावं? आणि अमेरिकेतले लोक सर्रास ‘मस्टँग टू’चं पुढचं सस्पेन्शन घालतात, तसं आपल्याकडे काही जमेल का?

सरळ सांगतो. मूळचं डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शनच ठेवा. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे झिजणारे सांधे सगळे नवे करा, स्प्रिंग मोजून घ्या आणि कापाकापीत जो पैसा जाणार होता तो चांगल्या ॲडजस्टेबल शॉकअपवर घाला. कॉइलओव्हरला माझा विरोध नाही, पण त्याची पाळी नंतर. क्रॉस मेंबर कापायला मात्र ठाम नाही.

आधी ते ‘मस्टँग टू’ प्रकरण निकालात काढू. फोर्डने 1974 ते 1978 या काळात ही लहान मस्टँग विकली. तिचा पुढचा क्रॉस मेंबर आटोपशीर, रॅक-पिनियन स्टीअरिंगसकट येणारा आणि भंगारात स्वस्तात मिळणारा. तिकडे हॉट रॉड, म्हणजे जास्त ताकद घालून पळवायला बनवलेल्या जुन्या गाड्यांना पुढे बैलगाडीसारखा सरळ दांड्याचा ॲक्सल असायचा. त्यांना हा क्रॉस मेंबर म्हणजे मोठीच झेप होती, म्हणून तो इतका पसरला. आता तर त्याच मापाचे नवे सेट बनवून विकणारा वेगळा धंदाच उभा राहिलाय. पण ते सस्पेन्शन आहे काय? वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग. तुमच्या कॉन्टेसाला कारखान्यातून हेच आलंय. ही गाडी मुळात व्हॉक्सहॉलच्या सत्तरीतल्या मोठ्या सलूनवरून घेतलेली, तिच्या पुढच्या भागात काही उणं नव्हतं. डबल विशबोन काढून डबल विशबोन घालण्यासाठी चासी कापायची, यात हशील काय?

स्ट्रटची गोष्ट वेगळी आणि जास्त धोक्याची आहे. स्ट्रटच्या गाडीत खड्ड्याचा सगळा दणका स्ट्रटच्या डोक्यातून वर बॉनेटखालच्या टॉवरमध्ये जातो. तो टॉवर त्याच हिशोबाने जाड पत्र्याचा, आतून पट्ट्या देऊन बनवलेला असतो. विशबोनच्या गाडीत हाच भार खाली क्रॉस मेंबरमध्ये जातो, वरचा पत्रा त्यासाठी बनवलेलाच नसतो. तुम्ही तिथे टॉवर वेल्ड केलात तर पहिले काही महिने सगळं छान वाटेल. मग डाव्या बाजूला रंगाला बारीक केसासारखी रेघ येईल, दार लावताना अडकायला लागेल, आणि अलाइनमेंट करून आणली की पंधरवड्यात पुन्हा बिघडेल. वीस-पंचवीस वर्षांच्या पत्र्यावर, आतून गंज किती आहे हे न बघता केलेलं वेल्डिंग म्हणजे नसतं दुखणं विकत घेणं.

आता मुद्द्याचं. गाडी जोरात सुटली की नाक उचलतं आणि मागच्या चाकांवर वजन येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून लोकांनी एक चुकीचा अर्थ काढलाय: नाक जितकं जास्त उचलेल तितकं वजन जास्त मागे जाईल. तसं नाही. गाडीचं वजन तेच धरलं तर मागे किती वजन जाणार हे तीनच गोष्टींवर ठरतं, गाडी किती झपाट्याने वेग पकडतेय (त्वरण), गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर किती आहे. स्प्रिंगचा त्यात संबंध नाही.

आकडे घालून बघा. चालकासकट गाडी 1280 किलो धरू, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंच, व्हीलबेस 2.67 मीटर. पहिल्या गिअरमध्ये अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं) त्वरण मिळालं तर 1280 गुणिले 0.5 गुणिले 0.55 भागिले 2.67, म्हणजे साधारण 132 किलो. एवढं वजन पुढून मागे जाणार, स्प्रिंग मऊ असो की कडक. नाक वर गेल्याने गुरुत्वमध्य किंचित हलतो, त्याने दोन-तीन किलोंचा फरक पडेल, बस. म्हणूनच बॅटरी उचलून डिकीत मागच्या उजव्या कोपऱ्यात ठेवली तर ते कुठल्याही महागड्या स्प्रिंगपेक्षा खात्रीचं काम होतं. कॉन्टेसाची डिकी त्यासाठीच जणू देवाने दिलीय. जाड केबल वापरा आणि बॅटरीजवळच फ्यूज घाला, एवढं सांभाळा.

मग स्प्रिंग करते काय? नाक किती उचलायचं ते ठरवते. आणि शॉकअप ठरवतो किती वेगाने उचलायचं आणि किती वेगाने खाली यायचं. हा वेळेचा खेळ आहे. बॉडी मागे बसत असताना मागच्या टायरवर क्षणभर जास्तीचा दाब येतो. नाक धपकन खाली आलं की तोच दाब क्षणभर कमी होतो आणि टायर पकड सोडून जागच्या जागी फिरतो. पहिल्या 60 फुटांत, म्हणजे 18 मीटरमध्ये, हे सगळं घडून जातं. 402 मीटरची शर्यत बऱ्याचदा तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

स्प्रिंग निवडताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो दुसऱ्या गाडीचे आकडे उचलण्याने. विशबोनच्या गाडीत स्प्रिंग चाकावर बसत नाही, आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते. चाक 10 मिलिमीटर हललं तर स्प्रिंग समजा 6 मिलिमीटरच दबते. हे प्रमाण 0.6. चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना या प्रमाणाचा वर्ग घ्यावा लागतो, म्हणजे 0.36. स्प्रिंग 5 किलो प्रति मिलिमीटरची असली तरी चाकाला ती 1.8 किलोचीच वाटते. तीच स्प्रिंग स्ट्रटच्या गाडीत घाला, तिथे प्रमाण 0.95 च्या आसपास असतं, तर चाकाला साडेचार किलोची वाटेल. एकच स्प्रिंग, दोन गाड्यांत अडीचपट फरक. त्यामुळे कुणी स्ट्रटवाल्याने ‘मी पाचची टाकली, मस्त आहे’ म्हटलं तर ते तुमच्या कामाचं नाही.

वरचाच हिशोब पुढे नेतो. 132 किलो पुढून गेले म्हणजे एकेका चाकावरून 66. चाकाचा कडकपणा 1.8 असेल तर नाक 36-37 मिलिमीटर उचलेल. साडेचार असेल तर 15 मिलिमीटरच्या आत-बाहेर. तुमच्या ताकदीच्या गाडीला 30 ते 40 मिलिमीटर उचल पुरेशी आहे. व्हिडिओत पुढची चाकं हवेत जाताना दिसतात ती गाडी हजार हॉर्सपॉवरची असते आणि तिला रस्त्यावर भाजी आणायला जायचं नसतं. तुमचं वजन आणि 155 हॉर्सपॉवर धरलं तर ढोबळ हिशोबाने 402 मीटरला साडेपंधरा सेकंदांच्या आसपास आणि शेवटाला ताशी 140 किलोमीटरच्या मागेपुढे येतं. सस्पेन्शन त्या मापाचं हवं.

म्हणजे मूळची स्प्रिंग या धरलेल्या आकड्यांच्या जवळपास आणि न थकलेली असेल तर ड्रॅगसाठीही जवळपास बरोबरच निघते. थकलीय का ते बघायचं तर सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. दोन्हींत 10 मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर जोडीने बदला, एक कधीच बदलू नका. नवी वळवून घेणार असाल तर तारेची जाडी व्हर्नियरने मोजूनच सांगा, रंग खरवडून. कारण जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. 12 ऐवजी 13 मिलिमीटरची तार आली तर स्प्रिंग 38 टक्के कडक झाली, आणि डोळ्याला फरक दिसतही नाही.

गाडी खाली बसवायला स्प्रिंगचं कडं कापायची पद्धत आपल्याकडे फार. आठ कड्यांतलं एक कापलं की स्प्रिंग 14 टक्के कडक होते, उंची जाते, आर्मचा कोन बिघडतो आणि वर गुरुत्वमध्य खाली गेल्याने मागे जाणारं वजनही कमी होतं. ड्रॅगच्या दृष्टीने सगळंच उलटं. गॅसने तापवून बसवणाऱ्याकडे तर फिरकूच नका, त्या स्प्रिंगचा जीव गेलेला असतो. आणि एक ताकीद: या गाडीची दबलेली स्प्रिंग म्हणजे शेकडो किलोंच्या जोराने ताणून धरलेला बाण आहे. आतून धरणारा कॉम्प्रेसर वापरा, वर साखळी बांधा, तोंड समोर ठेवून बॉल जॉइंट सोडू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम उरकणारा मिस्त्री असेल तर त्याला थांबवा.

आता शॉकअप. मी पैसा इथेच घाला म्हणालो त्याचं कारण असं. ड्रॅगमध्ये पुढे ‘नव्वद-दहा’ नावाचे शॉकअप वापरतात. ते उघडताना सैल आणि दबताना फार कडक. नाक पटकन उठतं आणि हळूहळू खाली येतं. तुमची गाडी गिअरची, म्हणून हे आणखी महत्त्वाचं. पहिल्यातून दुसरा टाकताना क्लच दाबला की त्वरण शून्य होतं, मागे गेलेलं वजन परत पुढे येतं, नाक खाली कोसळतं. दुसऱ्यात क्लच सोडला की नाक पुन्हा चढायला लागतं आणि तेवढ्यात मागचा टायर फिरून घेतो. दबताना थोडा कडक शॉकअप असेल तर क्लच दाबलेला असताना नाक अर्ध्यावरच राहतं.

पण हाच नव्वद-दहा लातूर ते अहमदपूर चालवून बघा. आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. मोठा महामार्ग सोडून तालुक्याच्या रस्त्याला लागलात की लगेच कळेल. अशा लाटांवर उघडायला सैल आणि दबायला कडक शॉकअप प्रत्येक लाटेला गाडी थोडी थोडी वर चढवत नेतो. स्टीअरिंग हलकं पडतं, पुढचा टायर रस्त्यावर नुसता टेकलेला असतो. त्यात समोरून उसाची डबल ट्रॉली आली आणि ब्रेक मारून बाजूला घ्यायची वेळ आली, तर गाडी सांगाल तिकडे वळेलच असं नाही. घरचे लोक बसलेल्या गाडीत हे मी कधीच बसवणार नाही.

म्हणून दोन्ही बाजूंनी वेगवेगळं फिरवता येणारा, म्हणजे डबल ॲडजस्टेबल शॉकअप घ्या. बजेट नसेल तर एका बाजूने फिरणारा, पण तो उघडण्याच्या बाजूने फिरणारा असावा. तेवढंही जमत नसेल तर मूळ मापाचा चांगला शॉकअप रॅलीच्या गाड्यांचं काम करणाऱ्याकडून आतून व्हॉल्व्ह बदलून घ्या, पुण्यात किंवा कोइमतूरला असं काम होतं. रस्त्यासाठी उघडण्याची बाजू मधल्या खुणेवर आणि दबण्याची मऊच्या बाजूला. स्पर्धेच्या दिवशी उघडण्याची पूर्ण सैल, दबण्याची दोन-तीन खुणा कडक. मग एका वेळी एकच खूण हलवा आणि पहिल्या 60 फुटांचा वेळ लिहून ठेवा. गाडीचा शेवटचा वेग बघून शॉकअप लावू नका, त्यात इंजिनची हवा, तापमान, सगळं मिसळलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे 42-43 डिग्रीत शॉकअपचं तेल पातळ होतं, त्यामुळे सकाळी लावलेली खूण दुपारी सैल वाटली तर शॉकअप बिघडला असं समजू नका.

कॉइलओव्हर कधी? शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेला हा सेट उंची फिरवायला सोयीचा. पण विशबोनमध्ये शॉकअपचे खालचे-वरचे बोल्ट फक्त शॉकअपचा धक्का झेलायला दिलेले असतात. गाडीचा भार मात्र स्प्रिंगच्या वाटीवर असतो. कॉइलओव्हर घातला की अख्ख्या पुढच्या भागाचं वजन त्या दोन बोल्टांवर येतं. खालच्या आर्मला प्लेट, वर मजबूत ब्रॅकेट करून घेतलं तरच तो विषय काढा. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

अँटी रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा, धावपट्टीवर एका बाजूने सोडतात, त्याने पुढचा डावा कोपरा मोकळेपणी उठतो. तुमच्या ताकदीला फरक थोडा पडेल. सोडायचाच तर तिथे सोडा, घरी निघताना लावा.

यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट बहुतेक जण करतच नाहीत, ती म्हणजे नाक उचललेलं असताना चाकं कुठे बघतात हे मोजणं. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते तेव्हा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली ते माप, बरोबर असतो. पण नाक 35 मिलिमीटर वर गेलं की स्टीअरिंगचा रॉड आणि विशबोन वेगवेगळ्या वर्तुळात फिरतात, आणि चाक आपोआप आत किंवा बाहेर वळतं. ताशी 130 ला गाडी उगाच इकडे-तिकडे हुंगत जाते ती बऱ्याचदा यामुळे.

हे घरच्या घरी मोजता येतं. गाडी घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) घ्या, पुढची स्प्रिंग काढा, शॉकअप सोडा, स्टीअरिंग मधोमध बांधून टाका. चाकाच्या जागी हबवर सरळ पट्टी किंवा जाड प्लायचा तुकडा बोल्टने कसा. गाडीच्या बाजूने, मधल्या रेषेला समांतर, दोरी ताणा. खालच्या आर्मखाली जॅक लावून मूळ उंचीवर आणा आणि पट्टीच्या पुढच्या टोकापासून दोरीपर्यंत, मग मागच्या टोकापासून दोरीपर्यंत अंतर घ्या. मग 10 मिलिमीटर खाली सोडा, पुन्हा घ्या. असं 40 खाली आणि 40 वर जाईपर्यंत. आर्म खाली जाणं म्हणजे नाक वर जाणं, हे लक्षात ठेवा, लोक इथे उलटं लिहितात. वहीत दोन रकाने करा. 40 मिलिमीटरच्या खेळात दोन टोकांचा फरक एक-दीड मिलिमीटरच्या आत राहिला तर देवाचे आभार माना आणि काही करू नका. जास्त असेल तर रॉडच्या टोकाची उंची पातळ चकत्या घालून बदलावी लागते, ती मात्र जाणत्या माणसाकडून. मी दुसऱ्या गाडीचा क्रॉस मेंबर नको म्हणतो त्यामागे हेही आहे, कारण परका स्टीअरिंग रॅक नेमका कुठे बसवायचा ते ठरवणं हीच त्यातली खरी परीक्षा असते, आणि तिथे अंदाजपंचे चालत नाही.

त्याच वेळी दोन गोष्टी डोळ्याने बघून घ्या. आर्म पूर्ण खाली असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का, आणि बॉल जॉइंट त्याच्या टोकाला अडकतोय का. अडकत असेल तर आर्मला पट्टा लावून खाली जाण्याची हद्द बांधा. बॉल जॉइंट जुना असेल तर जॅक खालच्या आर्मच्या टोकाजवळ लावून, टायरखाली पहार घालून उचलून बघा, किंचितही टकटक वाटली तर बदला. वरचा आणि खालचा, दोन्ही बाजूंचे.

अलाइनमेंट करताना कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कललेला कोन, सगळ्यात आधी बघा. जुन्या गाड्यांना तो कमी असतो, कारण पॉवर स्टीअरिंगशिवाय हात दुखू नयेत. पाच अंशांच्या आसपास नेता आला तर सरळ रेषेत गाडी बाणासारखी जाते. कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा कल, अर्धा अंश आत, टो दीड मिलिमीटर आत. बुश पॉलियुरेथेनचे घालायचे असतील तर घाला, पण आपल्या धुळीत ते कुरकुरतात, दर पावसाळ्यानंतर ग्रीस मागतात. मी स्वतः रस्त्याच्या गाडीला चांगले रबरीच पसंत करतो.

कागदाचं बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ नोंदणीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कॉन्टेसाचं उत्पादन 2002 मध्ये थांबलं, म्हणजे तुमच्या गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटलीत आणि दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभी करावी लागणार. कापलेला क्रॉस मेंबर तिथे पहिल्या नजरेत दिसतो. नवे बुश आणि मूळ जागी बसलेले शॉकअप ही दुरुस्ती आहे. टर्बोचं काय करायचं ते मात्र आधी आरटीओत विचारून घ्या.

आणि सराव समृद्धीवर करायचा विचार मनात असेल तर काढून टाका. तिथली मर्यादा ताशी 120 आहे, आणि 402 मीटरनंतर थांबायला लागणारी मोकळी जागा तिथे तुमच्या मालकीची नसते. धावपट्टीवरची स्पर्धा शोधा, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

पुढचा टप्पा म्हणून मला तीन गोष्टी कळवा: पुढच्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि मोकळी कडी किती ते; आर्मवर स्प्रिंग आतल्या बुशपासून किती अंतरावर बसते आणि बॉल जॉइंट किती अंतरावर आहे ते; आणि पुढच्या व मागच्या चाकांवरचं वजन. वजनासाठी मोंढ्यातला वे-ब्रिज चालेल. आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग अख्खी गाडी, टाकी अर्धी भरलेली आणि तुम्ही स्वतः सीटवर. हे आले की स्प्रिंगचा नेमका आकडा सांगतो. मागच्या ॲक्सलबद्दल वेगळा प्रश्न विचारा, तो विषय याहून मोठा आहे.